करड्या घोडीची घंटा

फोर्ट टॅलबर्ट बघायला माणसं रविवारी येतात. चर्च आटोपलं की जेवणाच्या टोपल्या गाडीत चढतात आणि टेक्सासातल्या क्लिअर फोर्क नदीच्या काठच्या त्या पडक्या किल्ल्याशी येऊन मंडळी चादरी अंथरतात. किल्ला कसला! छपरं वाऱ्यानं नेली, भिंतींचे दगड आम्हीच डुकरांच्या कोंडवाड्यांना नेले, उरली ती नुसती धुराडी. त्यांच्या सावलीत बसून मोठ्यांनी तळलेली कोंबडी खायची आणि पोरांनी डोक्याला टर्कीची पिसं खोचून ‘कोमांची-कोमांची’ खेळायचं. मेलेली पोरं उठतात, लिंबाचं सरबत पितात आणि पुन्हा मरायला पळतात.

किल्ल्याच्या मागं, ओढ्याच्या बाजूला, मिंटीमावशीची खोपटी होती. तिच्या दाराच्या खुंटीला एक पितळी घंटा टांगलेली असायची आणि घंटेच्या तोंडात गवत कोंबलेलं असायचं. गावातलं पोर तिला हात लावायचं नाही. पण पाहुण्यांना कुठलं माहीत? एका रविवारी वेदरफर्ड गावच्या एका दुकानदाराच्या मुलानं ते गवत उपसून काढलं आणि घंटा वाजवली. टण, टण, टण, टण. मावशी दारात आली आणि तिनं त्या मुलाच्या अशी एक ठेवून दिली की त्याचा ओठ फुटून सदऱ्यावर रक्त सांडलं.

मुलाची आई किंचाळत धावली. “अहो बाई, डोकं फिरलंय का तुमचं? एका फुटक्या घंटेसाठी?”

मावशीनं मुलाच्या मुठीतलं गवत काढून घेतलं, घंटेत परत कोंबलं आणि आत जाऊन कडी घातली. दुकानदारीण संध्याकाळपर्यंत बडबडत होती. तिला कुणीतरी समजावलं, जाऊ द्या हो, म्हातारीचा नवरा कोमांची इंडियनांनी मारला, पोरगा पळवला, तेव्हापासून ती तशीच आहे. हे खरं आहे. पण अर्धंच खरं आहे, आणि पाहुण्यांना तेवढंच पुरतं.

मावशी, म्हणजे अर्मिंटा प्रुएट, टेनेसीहून इकडे आली तेव्हा ऐन विशीत होती. नवरा ऑरिन उंच, हडकुळा आणि बडबड्या. त्यानं घरासाठी जागा अशी हेरली की सगळे म्हणाले, ऑरिनचं नशीब फळफळलं. बारमाही झरा, पेकनच्या झाडांची दाट सावली, ओढ्यापर्यंत काळी माती. असा झरा आजवर मोकळा कसा राहिला, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. तो मोकळा नव्हताच. कोमांची दर हिवाळ्यात तिथं उतरायचे, त्यांच्या चुलींची राख गवतात स्पष्ट दिसत होती. ऑरिननं त्याच राखेत मका पेरला आणि मका कसा तरारून आलाय हे ज्याला त्याला सांगत सुटला.

आमच्याकडे घोडे रात्री मोकळे चरायला सोडतात. कळपातली एक शहाणी घोडी निवडायची, तिच्या गळ्यात घंटा बांधायची. बाकीचे घोडे तिच्या मागं राहतात आणि सकाळी घंटेच्या आवाजावर जाऊन कळप गाठायचा. ऑरिनची घोडी करड्या रंगाची होती. तिच्या घंटेच्या काठाला त्यानं कानशीनं खाच पाडली होती, कुणी चोरली तर ओळखू यावी म्हणून.

त्या सकाळी मिंटी मक्याचं पीठ मळत होती. घंटा ओढ्याकाठच्या झाडीतून वाजत होती.

“मिंटे, ऐकलंस? करडी आज शहाण्यासारखी जवळच थांबलीय,” ऑरिन लगाम खांद्यावर टाकत म्हणाला.

“बंदूक घेऊन जा.”

“घोडी आणायला बंदूक? उद्या अंडी गोळा करायला तोफ नेऊ म्हणशील.”

तो हसत गेला. त्याच्या मागून वायली, त्यांचा सात वर्षांचा मुलगा, अनवाणी पळाला. झाडीशी पोचेपर्यंत ऑरिन शीळ घालत होता. मग शीळ थांबली. मिंटीनं दारातून बघितलं तर ऑरिन परत घराकडे धावत होता आणि त्याच्या पोटातून बाणाचं टोक बाहेर आलं होतं. दुसरा बाण मानेत बसला. तो गुडघ्यावर आला, तरी हातांनी रांगत राहिला. झाडीतून घोड्यावर बसलेला एक माणूस बाहेर पडला. त्याच्या मनगटाला करडीची घंटा बांधलेली होती. त्यानं खाली उतरून ऑरिनच्या पाठीवर पाय दिला, केस मुठीत धरले आणि सुरी फिरवली. कातडी सुटली त्याचा आवाज तिला घरापर्यंत आला. ऑरिन तेव्हा जिवंत होता.

वायली घराकडे पळाला असता तर वाचला असता. पण तो बापाकडे पळाला. त्या माणसानं त्याला एका दंडाला धरून उचललं आणि घोड्यावर घेतलं.

मिंटीनं बंदूक काढली होती. बार पेटवणारी तांब्याची इवलीशी टोपी बसवायची, की झालं. पण बोटं पिठानं बरबटलेली. टोपी निसटली. दुसरी घेतली, तीही निसटली. ती जमिनीवर टोप्या चाचपडत असताना मुलाचा आवाज लांब लांब गेला आणि बंद झाला.

ओढ्यापलीकडचा शेजारी हॅचर दोन माणसं घेऊन आला तेव्हा पुरण्याएवढंच काम शिल्लक होतं. हॅचर ऑरिनचा दोस्त. माती लोटून झाल्यावर त्यानं विचारलं, “वहिनी, घंटा कशी वाजत होती?”

“सारखी.”

“चरणारी घोडी सारखी नाही वाजवत. खाते तेव्हा गप्प, पाऊल टाकलं की टण, माशी बसली की टणटण. सारखी वाजली म्हणजे घोडी नाही, हात.”

ही गोष्ट मग क्लिअर फोर्कच्या काठानं घराघरात गेली. सारखी वाजली म्हणजे हात. जायचं नाही, गोळी घालायची. आमच्याकडची पोरं बाराखडीच्या आधी हे शिकली.

मिंटी फोर्टवर आली आणि सैनिकांचे कपडे धुऊ लागली. नात्यातले लोक म्हणाले, टेनेसीला परत जा, तरुण आहेस, दुसरं लग्न कर. तिनं कुणाचं ऐकलं नाही. पळवलेली पोरं कधीमधी विकत घेऊन फोर्टवर आणली जायची, आणि तिला तिथंच असायचं होतं. कुणी आलं की हातातला दांडका टाकून ती धावायची. प्रत्येक वेळी मूल दुसऱ्याचं निघायचं. परत येऊन ती कढईतले कपडे ढवळू लागायची, नि कुणी कणव दाखवली की त्याच्या अंगावर खेकसायची.

त्या कपड्यांवरचं रक्त कुणाकुणाचं असायचं हे धुणारीलाच ठाऊक. केसांसकट कातडी काढायची विद्या फक्त कोमांचींनाच येते असं रविवारच्या पाहुण्यांना वाटतं. आपल्या शूर शिपायांच्या खोगिरांना काय लटकलेलं असायचं ते मिंटीला विचारायला हवं होतं. त्यात लांब वेण्या असायच्या, आणि कोमांची पुरुषांप्रमाणे बायकांच्याही.

वायलीला जाऊन सात वर्षं होत आली तेव्हा फोर्टच्या घोडदळानं उत्तरेला एका कोमांची तळावर भर दुपारी हल्ला केला. बायका मांस वाळत घालत होत्या. अर्ध्या तासात तंबू पेटले, डोहाचं पाणी लाल झालं. पुरुष मेले, काही बायका-पोरंही मेली, उरलेल्यांना चालवत फोर्टवर आणून घोड्यांच्या दगडी कोंडवाड्यात कोंडलं.

दुसऱ्या दिवशी मिंटी कोंडवाड्याजवळ कपडे वाळत घालत होती. आतून घंटेचा आवाज आला. ती भिंतीवरून वाकली. एका कोमांची बाईच्या कमरेला घंटा होती, आणि घंटेच्या काठाला खाच होती.

पहारेकऱ्याला कळायच्या आत मिंटी दांडका घेऊन आत शिरली. तिनं त्या बाईला खांद्यावर मारलं, पाठीवर मारलं, कानशिलावर मारलं. बाईनं हात वर केला नाही, दोन्ही हातांनी घंटा तेवढी पोटाशी धरून ठेवली. तिचे केस मुळापासून कापलेले होते आणि दंडांवर सुरीचे ताजे चरे होते. त्यांच्यात घरचं माणूस मेलं की बाई स्वतःला असं कापून घेते.

दुभाष्या अन्सेल्मो लंगडत आला. तो मेक्सिकन. लहानपणी त्यालाही कोमांचींनी पळवलं होतं. “मिंटीबाई, मेली तर काही सांगायची नाही. आधी विचारा, मग मारा.”

“माझा मुलगा कुठंय विचार.”

बाई बोलली. अन्सेल्मोनं मान खाली घातली. “म्हणते, जिवंत आहे. आमच्याच तळावर राहायचा, हल्ल्याच्या वेळी घोडे चारायला गेला होता म्हणून वाचला. म्हणते, तिचा मुलगा टेक्सासच्या रेंजर शिपायांनी मारला. म्हणून तिच्या नवऱ्यानं तिला तुमचा आणून दिला. म्हणते, माझा गेला, तुझा आला.”

“तिचा नवरा कुठंय?”

“डोहात.”

“घंटा दे म्हणावं.”

“नाही म्हणते. हवं तर मार म्हणते. मुलगा या घंटेच्या आवाजावर जेवायला येतो.”

त्या बाईच्या नावाचा अर्थ ‘उशिरा उठणारी’. कोमांची नावं अशी चेष्टेखोर असतात, आणि ती बाई तर कोंडवाड्यात सगळ्यांच्या आधी उठून बसायची. मिंटी रोज पावाचा तुकडा घेऊन तिच्याकडे जाऊ लागली. पाव द्यायचा आणि मुलगा घ्यायचा, थोडा थोडा. त्याचा पुढचा दात शिंगरानं पाडला. तो मासे खात नाही. उंच झालाय, हा एवढा. घाबरला की गुणगुणतो.

“अजून?” मिंटी एकदम म्हणाली. “पाळण्यात होता तेव्हापासून गुणगुणतो तो. वीज कडाडली की सुरू.”

अन्सेल्मोनं ते तिकडे सांगितलं. उशिरा उठणारी पहिल्यांदा हसली. मिंटीलाही हसू आलं, आणि त्याच क्षणी तिला त्या बाईचा गळा दाबावासा वाटला.

“मिंटीबाई, एक सांगू?” बाहेर येताना अन्सेल्मो म्हणाला. “मला दोन आया होत्या. दोघींनी अशी ओढाताण केली की मी एकीकडंही गेलो नाही.”

“तुझं तुझ्याजवळ ठेव,” मिंटी म्हणाली.

फोर्टच्या कर्नलनं कोमांचींना निरोप धाडला होता: जेवढी आमची माणसं आणाल तेवढ्या बायका सोडू. वसंतात एक मुलगा फोर्टच्या मैदानात घोड्यावर बसून एकटाच आला. त्याला कुणी आणलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं. केसांच्या दोन वेण्या, तोंडाला माती फासलेली, पुढचा एक दात पडलेला. मिंटी धावत गेली आणि त्याच्या पायाला मिठी मारली. मुलानं तिच्याकडे बघितलं नाही. त्यानं कोंडवाड्यातल्या उशिरा उठणारीकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला. तिला सोडा, मला घ्या.

उशिरा उठणारीला घंटेसकट सोडलं. सगळा फोर्ट म्हणाला, पोर आईकडे परत आलं. मिंटीनंही तसंच म्हटलं, मोठ्यांदा, आणि पुन्हा पुन्हा.

ती त्याला घेऊन ऑरिनच्या जुन्या घरी राहायला गेली. वायली बाहेर झाडाखाली झोपायचा. इंग्रजी विसरला होता. मग एकेक शब्द परत येऊ लागला. तिला तो ‘बाई’ म्हणायचा.

हॅचरला तो डोळ्यासमोर नको होता. “काय रे ए लाल इंडियनाच्या पिल्ला, किती माणसं सोललीस?”

“नाही सोलली. घोडे सांभाळले,” वायली शांतपणे म्हणाला. “पुढच्या वर्षी सोलणार होतो.”

हॅचरनं घोडा हाकायचा चाबूक काढला आणि त्याला कुंपणाच्या खांबाशी फोडून काढलं. सदरा फाटला, पाठ फाटली. मुलगा ओरडला नाही, गुणगुणत राहिला. ते गुणगुणणं ऐकून मिंटी कुऱ्हाड घेऊन घरातून निघाली, आणि तिनं ती हॅचरच्या डोक्यात घातलीच असती. वायलीनं तिचा हात धरला.

“आई, राहू दे.”

आई! त्या एका शब्दानं मिंटी वेडी झाली. रात्री तिनं त्याच्या पाठीला डुकराची चरबी लावली आणि तो पहिल्यांदा घरात, खाटेवर झोपला. आता हा माझा, असं तिनं ओढ्याला, झाडांना, ऑरिनच्या थडग्यालाही सांगितलं. पुढं महिनाभर तो घरातच झोपला.

आणि एका पहाटे, तो गाढ झोपेत असताना, ओढ्याकाठच्या झाडीतून घंटा वाजली.

टण. टण. टण.

सारखी. घोडी नाही, हात. मिंटीनं पीठ भिजवायला घेतलं नव्हतं. हात कोरडे होते. तिनं मागं वळून बघितलं. वायलीनं झोपेत कूस बदलली होती, आवाजाच्या दिशेनं. आणखी थोडा वेळ घंटा वाजली असती तर तो उठला असता आणि जेवायला निघाला असता.

या वेळी टोपी नीट बसली. झाडीत फांद्या हलत होत्या तिथं तिनं नेम धरला आणि चाप ओढला. घंटा थांबली.

वायली तिच्या अंगावरून उडी मारून धावला. ती दुसरा बार भरून मागोमाग गेली. उशिरा उठणारी झऱ्यापाशी उताणी पडली होती, गोळी पोटात लागली होती, आणि तिनं आतडी हातानं आत धरून ठेवली होती. शेजारी तिचं घोडं उभं होतं. जवळ ना धनुष्य, ना सुरी. एक चामड्याची पिशवी होती, तिच्यातून नवे मोकॅसिन जोडे बाहेर आले होते. त्या मरायला टेकलेल्या बाईनं मुलाच्या गालाला हात लावला, दोन-चार शब्द बोलली, आणि गेली.

हॅचर ओढा ओलांडून आला. सुरी काढूनच आला.

“शाबास वहिनी! उगवलास ऑरिनचा सूड. हो रे बाजूला, हिची कातडी ऑरिनच्या थडग्यावर टांगू.”

त्यानं वाकून तिच्या खुरट्या केसांना हात घातला. वायलीनं त्याच्या मनगटाचा असा चावा घेतला की दात हाडाला लागले. सुरी हिसकावली आणि हॅचरचा गाल कानापासून ओठापर्यंत उघडला. आतली दाढ दिसली. हॅचरनं डाव्या हातानं पिस्तूल काढलं.

“खाली ठेव, हॅचर,” मिंटी म्हणाली. तिची नळी त्याच्या छातीवर होती. “बार भरलेला आहे.”

“माझ्यावर? या रानटी पोरासाठी? तुझा नवरा मी पुरला, बये!”

“म्हणूनच एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणार नाही.”

तो रक्त थुंकत, शिव्या घालत निघून गेला. मग तिथं ती आणि मुलगा दोघंच उरले. वायलीनं जमिनीवरून घंटा उचलली, खाचेवरून अंगठा फिरवला.

“ओळखली होतीस?”

“सारखी वाजत होती,” मिंटी म्हणाली. “सारखी वाजली की आमच्याकडं…”

“घंटा ओळखली होतीस?”

खोटं बोलली असती तर पचलं असतं. चूक झाली, हल्ला वाटला, असं म्हटलं असतं तर सगळ्या क्लिअर फोर्कनं तिच्या बाजूनं साक्ष दिली असती. पुढं गाव तसंच म्हणत आलं. पण सात वर्षं ज्याच्यासाठी लोकांचं रक्त धुतलं त्या पोराच्या तोंडावर तिला ते बोलता आलं नाही.

“ओळखली होती.”

त्यानं मान हलवली. हॅचरच्याच सुरीनं त्यानं आपल्या वेण्या कापल्या, दोन्ही दंडांवर चरे ओढले. मग प्रेत घोड्यावर आडवं टाकून बांधलं. कोमांची आपलं माणूस मागं ठेवत नाहीत. मिंटी दोरी धरायला पुढं झाली तर त्यानं दोरी नुसती तिच्यापासून लांब केली. नवे जोडे त्यानं पायांत घातले. बोटभर मोठे होते. वाढत्या वयाच्या पोराला आई जसे शिवते तसे.

जाण्याआधी त्यानं झऱ्याकाठचं मूठभर गवत उपटलं आणि घंटेच्या तोंडात कोंबलं. लांबच्या वाटेला निघताना घोडी वाजू नये म्हणून आमच्याकडे असंच गवत कोंबतात. घंटा त्यानं घराच्या खुंटीला टांगली आणि घोड्याचा लगाम धरून तो उत्तरेला चालू लागला. तो गुणगुणत होता. बराच वेळ ऐकू येत होतं.

दोन वर्षांनी सरकारनं कोमांचींना त्यांच्यासाठी नेमलेल्या राखीव जमिनीवर नेऊन बसवलं. मिंटी दोनदा तिथं जाऊन आली. वायली तिथं होता की नव्हता हे तिला कुणी सांगितलं नाही. मग फौज गेली, फोर्ट ओस पडला आणि ती तिथंच खोपटी घालून राहिली. घंटेतलं गवत वाळून झडलं की झऱ्यावरून ताजं आणून कोंबायची. तिनं ती घंटा स्वतः एकदाही वाजवली नाही. तिनं वाजवली आणि तो आला नाही, तर पुढं काय करायचं होतं?

दुकानदाराच्या मुलानं ती त्या रविवारी वाजवली तेव्हा मी धुराड्यापाशीच बसलो होतो, सगळं बघत होतो. मावशी दारात आली ती आधी त्या मुलाकडे वळलीच नाही. उन्हाला हात आडवा धरून ती ओढ्याच्या झाडीकडे बघत राहिली, खूप वेळ. तिकडून कुणी आलं नाही. मग तिनं हात उगारला.